दाखल नोंदवही

ठराव गट्टू बसवण्याचा होता.
वाचनालयाभोवती सहा गुंठे, लाल-करडे, काटकोनात.
मी म्हटलं, मे महिन्यात गट्टूवर अनवाणी उभं राहून बघा.
सरपंचताई हसल्या. त्या राहिल्या होत्या.
निधी मात्र परत गेला, आणि त्यावरून
गावातली दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तर सहा गुंठे.
कमरेइतकं गाजरगवत,
त्याखाली गुटख्याच्या पुड्या, एक डावी चप्पल,
आणि उदईनं खाऊन उरलेला मासिकांचा गठ्ठा
कुणीतरी खिडकीतून बाहेर टाकलेला.
(मीच असेन. नोकरी नवी होती.)

देवकाबाई मडावी कुदळ घेऊन आल्या.
वीस वर्षांत वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या.
"मले अक्षर नाही समजत, माती समजते,"
म्हणाल्या, आणि रुई उपटायला वाकलेल्या चेतनचं मनगट धरलं.
"राहू दे. तिच्या पानावर अळी हाय."
रुई राहिली. तरोटा राहिला.
कुंपणाशी बोराटीचं जाळं राहिलं,
त्यावरून भांडण झालं, कारण
पेपर वाचायला येणाऱ्या नगराळे गुरुजींचं धोतर
त्यात दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा
आत होल्याचं घरटं होतं. गुरुजी
कितीतरी वेळ तसेच वाकून उभे.

मग वाफे. वांगी, संभार, भेदरं, कडेनं अंबाडी.
रऊफभाईंच्या टँकरची तळाची दोन बादल्या
आमच्या नावावर.
भिंतीवर मातीची परळं.
पारा सेहेचाळीसवर गेला त्या दुपारी
मुंगूस येऊन पाणी प्यालं,
माझ्याकडे बघितलं
आणि पुन्हा प्यालं.

कार्डांचे लाकडी खण रिकामे पडले होते,
कॉम्प्युटर आल्यापासून. (तोही बंद पडला, पण ते वेगळं.)
खणांत बियाणं ठेवलं. क मध्ये कारली, ग मध्ये गवार,
ल मध्ये लाखोळी.
मूठभर न्यायचं, हंगामानंतर दोन मुठी परत.
देवकाबाईंसाठी प्रत्येक खणावर
अक्षराशेजारी एकेक बी डिंकानं चिकटवलं.
पोळ्याच्या सुमारास, बसथांब्यावर
त्यांनी मला कोपरानं ढोसलं:
"पाहा मॅडम, तुमचा गवारीचा ग
गडचिरोलीच्या गाडीवर बसला."

तपासणीला साहेब आले.
दाखल नोंदवही उघडली.
३११७ : कृषी मार्गदर्शिका, देणगी, रुपये चाळीस.
३११८ : मुंगूस. प्राप्ती : स्वतःहून. किंमत : —
३११९ : धामण. दोनदा.
३१२० : रुईवरची अळी, पट्टेदार. संख्या बदलती.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
बाहेर बघितलं.
मग लाल पेनानं शेरा मारला :
"वेगळी वही करावी."

वेगळी वही केली. दोनशे पानी, रेघांची.
पहिलीच नोंद आतली निघाली :
दयाळ, अंडी चार, कपाट क्रमांक सहा.
खिडकीची फुटकी काच बदलायचा अर्ज
तीन वर्षांपूर्वी केला होता. तो मी मागे घेतला.
कपाटावर कागद लावला : वापरात आहे.

नेमकं त्याच फळीवर, घरट्याच्या मागे,
तलाठी भरतीचं जाडं पुस्तक.
रोहिणी तोडसामची परीक्षा सव्वीसला.
तिनं मागितलं नाही.
खुर्ची बाहेर निंबाखाली नेली,
जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत बसली,
मधूनमधून खिडकीकडे मान.
"फुटली का?"
"तीन."
"अन् चौथं?"
चौथं फुटलंच नाही.

पिल्लं एकोणीसला उडाली,
एक आधी पाणी प्यायच्या परळात पडलं.
मी पुस्तक काढलं. पाठीवर वाळलेला पांढरा ठिपका.
पुसायला फडकं शोधलं,
सापडेपर्यंत रोहिणी
पुस्तक काखेत मारून बाहेर,
बोराटीपाशी वाकलेली,
हळूहळू, एकेक काटा,
ओढणी सोडवत.